उणे पाच ते अधिक पाच

व्यायाम सुरू करणं मला कधीच जड गेलं नाही. जड जातं ते सुरू ठेवणं. धावायचे बूट घेणं, जिमची मेंबरशिप काढणं, योगवर्गात नाव घालणं, सगळं मी हौसेने केलेलं आहे आणि दर वेळी नव्याचे नऊ दिवस सरले की ते विरून गेलेलं आहे. ‘आजपासून बंद’ असं मी एकदाही ठरवलं नव्हतं. एक दिवस डोकं दुखतं, एक दिवस ऑफिसात उशीर होतो, तिसऱ्या दिवशी नुसताच कंटाळा येतो आणि मग बूट कपाटाच्या तळाशी जातात. आमच्या घरात मला आरंभशूर म्हणतात. मी वाद घालत नाही.

नंतर वाचनात आलं की व्यायाम नव्याने सुरू करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे लोक पहिल्या सहा महिन्यांतच गळतात आणि हे अनेक दशकं असंच दिसत आलेलं आहे. म्हणजे मी कुणी जगावेगळी आळशी नव्हते. मनाला बरं वाटलं, रक्तातल्या साखरेला मात्र त्याने काही फरक पडला नाही. एचबीएवनसीचा, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या पट्ट्यात आला की माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे असं धरतात. माझा आकडा त्याच पट्ट्यात होता. डॉक्टरांनी आठवड्याला किमान दीडशे मिनिटं सांगितली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्येही हाच हिशोब आहे: मध्यम जोराचा व्यायाम १५० ते ३०० मिनिटं किंवा जोरकस व्यायाम ७५ ते १५० मिनिटं, शिवाय आठवड्यातून निदान दोनदा स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. मी विचारलं, “डॉक्टर, यातला कुठला करू?” “पुढच्या वर्षीही करत असाल तो,” असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. मला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं होतं.

गेले पुन्हा जिमला. ट्रेनर मुलगा मनापासून शिकवणारा होता. “मॅडम, पुश करा, शेवटची दोन मिनिटं!” हे त्याचं पालुपद. त्याची ती शेवटची दोन मिनिटं काही केल्या संपायची नाहीत. ट्रेडमिलवरच्या लाल आकड्यांकडे बघवेना म्हणून मी त्यांच्यावर नॅपकिन टाकायला लागले. मनातल्या मनात एक अख्खं गाणं म्हणायचं आणि मगच नॅपकिन उचलायचा, असा नियम. उचलला की कळायचं, चाळीस सेकंद झालेत. घाईघाईत दोन कडवी मीच गाळलेली असायची.

तेवढ्यात भाची सुट्टीला राहायला आली. ती फिजिओथेरपी शिकते. माझ्या फोनवरचं अ‍ॅप, त्यातल्या कॅलरी, पावलं, नाडीचे ठोके सगळं तिने पाहिलं आणि म्हणाली, “मावशी, एवढं सगळं मोजतेस, पण करताना तुला कसं वाटतं ते कुठेय यात?” मग तिने मला एक पट्टी काढून दिली. उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत. उणे पाच म्हणजे फारच वाईट वाटतंय, शून्य म्हणजे ना बरं ना वाईट, अधिक पाच म्हणजे फार छान. हार्डी आणि रेजेस्की या दोन अभ्यासकांनी १९८९ मध्ये ती मांडली. त्याआधी व्यायामशास्त्रात स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची पट्टी वापरात होती आणि अजूनही आहे. ती सहापासून वीसपर्यंत जाते. हे काय विचित्र आकडे, असं मला वाटलं, पण त्यात युक्ती आहे. आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडीचे ठोके मिळतात, म्हणून स्वस्थ बसलेला माणूस सहावर. बोर्गची पट्टी विचारते, किती कष्ट पडताहेत? दुसरी विचारते, बरं वाटतंय का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे इतकी वर्षं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. घाम निथळत असताना मजा येऊ शकते आणि फारसे कष्ट नसतानाही जीव नकोसा होऊ शकतो.

भाचीची अट एकच होती. आकडा व्यायाम चालू असतानाच ठरवायचा, नंतर नाही. कारण नंतर सगळ्यांनाच बरं वाटतं. ‘करून झाल्यावर कसं मस्त वाटतं नाही!’ हे वाक्य मीही शंभरदा म्हटलेलं आहे आणि ते खोटं नाही. जोराचा व्यायाम थांबला की मन झपाट्याने वर येतं. पण पायातला काटा निघाल्यावरही बरंच वाटतं, त्यासाठी कुणी रोज काटा टोचून घेत नाही. उद्या पुन्हा जायचं की नाही यात करतानाच्या वाटण्याचाही मोठा वाटा असतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बैठ्या कामाच्या काही लोकांना मध्यम वेगाने चालवलं आणि चालता चालता याच पट्टीवर आकडा विचारला. ज्यांना तेव्हा जास्त बरं वाटलं होतं, ते सहा महिन्यांनी आणि वर्षानेही जास्त हालचाल करताना आढळले. अभ्यास छोटाच आहे, चाळीसहून कमी लोकांवरचा, पण मला तो वाचून डॉक्टरांचं उत्तर आठवलं.

मी एक साधी दुरेघी वही घेतली. ट्रेडमिलच्या दहाव्या मिनिटाला उणे दोन. पंधराव्याला उणे तीन. उतरल्यावर अधिक दोन. पहिली पानं सगळी अशीच आहेत.

यामागचं कारण समजलं तेव्हा मला खरं तर हसू आलं. व्यायामाचा जोर वाढवत नेला की एक टप्पा असा येतो की श्वास एकदम जलद होतो, रक्तात लॅक्टेट नावाचं द्रव्य साठायला लागतं आणि बोलताना वाक्य तुटायला लागतं. पांतेलेइमोन एक्केकाकिस हे संशोधक गेली अनेक वर्षं याच विषयाच्या मागे आहेत. त्यांचं म्हणणं असं की या टप्प्याच्या खाली बहुतेकांना बरं वाटतं, टप्प्याच्या आसपास कुणाला छान वाटतं तर कुणाला नको वाटतं आणि टप्पा ओलांडला की जवळजवळ सगळेच खाली येतात. तिथे शरीर धोक्याची घंटा वाजवत असतं, त्यापुढे मनाला समजावणं चालत नाही. गाण्यांचंही तसंच. हलक्या-मध्यम व्यायामात गाणी ऐकली की कष्ट थोडे कमी वाटतात, पण जोर खूप वाढला की कानात काय वाजतंय याने ते कमी वाटत नाहीत. आणि गोम अशी की बसून काम करणाऱ्या माणसाचा हा टप्पा फार लवकर येतो. आमच्या ट्रेनरचा वॉर्मअप माझ्यासाठी टप्प्याच्या पलीकडचा होता! तो बिचारा स्वतःच्या शरीरावरून माझा अंदाज बांधत होता. जिममध्ये शिकवणारे बहुतेक सगळे असेच असतात: ज्यांना व्यायाम आवडला आणि जमला, तेच ट्रेनर होतात. न आवडणारा माणूस ट्रेनर झालेला मी तरी पाहिला नाही.

टप्पा ओळखायला यंत्र लागत नाही. चालता चालता सलग बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता आलं नाही तरी चालेल. तो मध्यम जोर. मी वेग उतरवला. इतका उतरवला की शेजारच्या ट्रेडमिलवरच्या बाईंनी काळजीने विचारलं, “बरं नाही का वाटत?” वहीत त्या दिवशी शून्य आहे, त्याखाली दुहेरी रेघ. शून्य म्हणजे माझ्यासाठी दोन-तीन पायऱ्यांची बढती होती.

पण शून्यावर माणूस किती दिवस टिकणार? ट्रेडमिल त्रास देईनाशी झाली, तरी तिची ओढ काही लागेना. मग मी जिमखेरीज इतर गोष्टीही करून बघायला लागले. ग्रुपमधला नाच, एरोबिक्स म्हणा हवं तर, त्यात गाणी आवडायची, पण सगळे डावीकडे वळले की मी उजवीकडे. आरशात ते दिसायचं. वहीत उणे एक, अधिक एक असं चाललं होतं. ऑफिसात पावलांची स्पर्धा लागली, जास्त पावलं त्याला गिफ्ट व्हाउचर. रात्री अकराला मी हॉल ते गॅलरी फेऱ्या मारत होते, नवरा सोफ्यावरून पाय वर घेऊन बसायचा. स्पर्धा संपली त्या दिवशी फेऱ्याही संपल्या. याला एक जुना प्रयोग साक्षी आहे. १९७१ मध्ये एडवर्ड डेसी यांनी कॉलेजच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. एका गटाला मध्ये एकदा प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले, मग देणं बंद केलं. पैसे मिळालेली मुलं पुढे रिकाम्या वेळात कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावू लागली. बक्षिसासाठी केलेलं काम बक्षिसाबरोबर जातं. माझी पावलं तर मुळात आवडीची नव्हतीच, त्यामुळे जाण्यासारखं काही नव्हतंही.

त्याच डेसींनी रिचर्ड रायन यांच्याबरोबर पुढे जो सिद्धांत मांडला तो मला वहीत सगळीकडे दिसायला लागला. माणूस एखादी गोष्ट आतून कधी करतो? ती त्याने स्वतः निवडलेली असते, ती त्याला जमत जाते आणि तिच्यात आपली माणसं असतात. १९९७ मध्ये रायन आणि सहकाऱ्यांनी तायक्वांदो आणि एरोबिक्स शिकणाऱ्यांची तुलना केली. एरोबिक्सवाले बरेचसे शरीर नीट दिसावं म्हणून आले होते, तायक्वांदोवाले मजेसाठी आणि काही तरी जमावं म्हणून. टिकले ते तायक्वांदोवाले. बारीक होण्यासाठी आलेल्या माणसाचं समाधान कायम पुढच्या महिन्यात असतं, लाथ बरोबर बसली हे त्याच क्षणी कळतं.

माझी लाथ म्हणजे बॅडमिंटन. ऑफिसातला एक मुलगा, माझ्याहून बराच लहान, “ताई, चौथा भिडू कमी पडतोय, नुसत्या उभ्या राहा” म्हणून घेऊन गेला. शाळेत खेळले होते तेवढंच. पहिल्या दिवशी फूल रॅकेटच्या कडेला लागून भलतीकडेच जायचं, लाकडावर टिचकी मारल्यासारखा आवाज यायचा. मग केव्हा तरी एक फूल बरोबर मधोमध बसलं. तो आवाज वेगळाच असतो, भरीव, आणि हाताला धक्का लागतच नाही. फूल समोरच्या दोघांच्या मधून गेलं आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली. घरी येताना लक्षात आलं की वहीत लिहायचा आकडा ठरवायचाच राहिला. मध्येच थांबून ‘मला कसं वाटतंय’ असा विचार करायला सवडच झाली नव्हती. पुढच्या खेपेला आठवणीने दोन गेमच्या मध्ये विचारलं स्वतःला. बोर्गच्या पट्टीवर पंधरा, म्हणजे चांगलंच कष्टाचं. भाचीच्या पट्टीवर अधिक तीन. धाप लागून वाक्य तुटत होतं, टप्पा मी नक्कीच ओलांडत होते, पण अधूनमधून, आणि फूल उचलायला जाताना दम खाऊन.

इथे गोष्ट संपली असती तर सोपं झालं असतं. बॅडमिंटनला चार माणसं लागतात, कोर्ट लागतं आणि चौघांची एकच वेळ लागते. एकाची बदली झाली, एकीच्या मुलाची परीक्षा आली की दोन-दोन आठवडे कोर्ट दिसायचं नाही. आवड आहे, पण सोय नाही, अशा व्यायामाने साखर उतरत नाही. म्हणून मधल्या दिवसांसाठी चालणं ठेवलं आणि चालण्याला एक लालूच जोडली: कानात कादंबरी, आणि ती फक्त चालतानाच ऐकायची. केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला असाच प्रयोग आहे. आवडीच्या ऑडिओ कादंबऱ्या जिममध्येच ऐकता येतील अशी सोय केलेल्यांच्या फेऱ्या सुरुवातीला इतरांपेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त झाल्या. पुढे फरक ओसरत गेला आणि मोठ्या सुट्टीनंतर तो उरलाच नाही. माझंही तसंच. खुनी कोण हे कळायला दोन प्रकरणं राहिली असताना मी ती स्वयंपाकघरात ऐकून टाकली. तरी ही युक्ती मला वाईट वाटत नाही. ती ओसरते हे धरून चालायचं आणि नवी कादंबरी घ्यायची.

वजनं उचलण्याचं प्रकरण मात्र वेगळं निघालं. ते मला आवडणार नाही याची खात्री होती, आणि आवडलंही नाही. पण आठवड्यातून दोनदा ते हवंच होतं, त्यामुळे रडतखडत का होईना, चालू ठेवलं. पहिल्यांदा स्क्वॉट, म्हणजे उठाबशांसारखा प्रकार, केल्यावर दुसऱ्या नाही, तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखल्या की जिना उतरताना कठडा सोडवेना. नव्या व्यायामाने स्नायू दुखतात ते असे एक ते तीन दिवस उशिरा. वहीत कित्येक पानं उणे एक. मग एका पानावर, का कोण जाणे, शून्य. आणि नंतर डंबेलच्या स्टँडवरून हात आपोआप पुढच्या वजनाकडे गेला त्या दिवशी अधिक एक. म्हणजे ‘आवडेल तोच व्यायाम करा’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. काही गोष्टी आवडत नाहीत कारण त्या जमत नाहीत, आणि थोड्या जमायला लागल्या की आवडीचा आकडा हळूहळू मागून येतो. त्याला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ निघेपर्यंत आकडा फार खोल जाणार नाही एवढं बघावं लागतं. बर्पीला, म्हणजे खाली वाकून, पाय मागे टाकून परत उडी मारत उठण्याच्या प्रकाराला, मी भरपूर वेळ दिला. ती उणे तीनवरून हलली नाही. सोडली. कुठल्याही मार्गदर्शक सूचनेत बर्पीच करा असं लिहिलेलं नाही.

वजनांच्या दिवसाचा क्रम मात्र मी ट्रेनरच्या मागे लागून उलटा करून घेतला. तो शेवटी दमवायचा, मी दमणारं आधी घेते. स्क्वॉट पहिल्यांदा, मग पाठीचे, खांद्यांचे, आणि शेवटी जमिनीवर पडून अंग ताणायचं, जे मला मनापासून आवडतं. यालाही आधार आहे. १९९३ मध्ये डॅनिएल कानेमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात एक मिनिट हात ठेवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच एक मिनिट आणि वर आणखी अर्धा मिनिट, त्यात पाणी हळूच एका अंशाने कोमट केलं. पुन्हा करायचं झालं तर कुठलं, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं. आठवण शेवटावरून ठरते. २०१६ मध्ये एक्केकाकिस आणि सहकाऱ्यांनी तेच सायकलवर करून पाहिलं. पंधरा मिनिटांत जोर चढवत नेलेल्यांपेक्षा उतरवत आणलेल्यांना तो व्यायाम नंतर जास्त सुखाचा आठवला. ट्रेनरला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही वाचता फार.” पण क्रम बदलून दिला.

वहीत मध्ये केव्हा तरी मी आणखी एक रकाना वाढवला: निघण्याआधी, बूट घालताना, आज किती आकडा येईल याचा अंदाज. अंदाज कायम खाली. उणे एक म्हणून निघावं आणि अधिक एक घेऊन यावं. २०११ मध्ये असा एक अभ्यास झालेला आहे. माणसं व्यायामाच्या आनंदाचा अंदाज कमी धरतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे सुरुवातीची मिनिटं असतात आणि ती सगळ्यात नकोशी असतात. मला वाटलं, हे एकदा कळलं की अंदाज सुधारेल. अजिबात सुधारला नाही. वहीतले दोन्ही रकाने समोर दिसत असतानाही बूट घालताना आतून उणे एकच येतं. फक्त आता मी त्या आवाजाशी हुज्जत घालत नाही, तो बोलत असतो आणि मी लेस बांधत असते.

आकडे बघून कुणाला वाटेल की मी आता न चुकता व्यायाम करते. तसं नाही. खाडे होतात, कधी आठवडाभर होतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जिमच्या साठ हजारांहून जास्त सभासदांवर केलेल्या प्रयोगात कितीतरी युक्त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या होत्या. सगळ्यांत वर आली ती अशी: खाडा झाल्यावर परत आलात तर थोडंसं बक्षीस. हे वाचून मी खाड्यांचे दिवस वहीत लाल पेनाने लिहिणं बंद केलं आणि परत गेले त्या दिवसाला चांदणी काढायला लागले. पोरकटपणा आहे. साखरेचा आकडा पट्ट्याच्या खालच्या टोकाशी आलाय, त्यात चांदण्यांचा वाटा किती आणि खाण्यातल्या बदलांचा किती, ते मी सांगू शकणार नाही.

माझ्या नवऱ्याला ही वही म्हणजे शुद्ध थोतांड वाटतं. तो रोज सकाळी चालायला जायचा, वर्षानुवर्षं, आवडीनिवडीचा प्रश्न न काढता. “दात घासताना मजा येते का?” हा त्याचा युक्तिवाद. त्याला तोड नव्हती. एकदा त्याला चालताना आकडा विचारून ये म्हटलं तर येऊन म्हणाला, “शून्य. सगळा वेळ शून्य.” माझा सगळा सिद्धांत घरातच कोसळत होता. मग त्याचा चालण्यातला मित्र मुलाकडे कायमचा राहायला गेला. दोघं मिळून रोज तासभर राजकारणावर भांडत चालायचे. पहिल्या आठवड्यात नवरा एकटा गेला. दुसऱ्या आठवड्यात गुडघा दुखला. तिसऱ्या आठवड्यात त्याचे बूट कपाटाच्या तळाशी होते, माझ्या जुन्या बुटांशेजारी.

मी म्हटलं, संध्याकाळी माझ्याबरोबर चल.

“येईन,” तो म्हणाला, “पण तू चालताना फार बोलतेस.”

मी त्याला सांगितलं, बोलता येईल एवढ्याच वेगाने चालायचं असतं.